‘वर्गात हाच सगळ्यात बुटका!’

आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील हीच काळजी घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकदा एकाने दुसऱ्याच्या घराण्याला दोष देऊन झालेला असतो. पुढचा संवाद अनेक बैठकांमधून गाळून घेतला आहे. मुलगा साडेतेरा वर्षांचा, उंची १४६ सेंटिमीटर.

“आमच्याकडे सगळे ठेंगणेच. रक्तातच आहे,” वडील म्हणाले.

“मग ती महागाची पावडर कशाला आणता?” आई.

आधी मोठेपणी उंची अंदाजे किती होईल, याचा हिशोब केला. आईवडिलांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ मिळवायचे, भागिले २. मुलगी असेल तर १३ वजा करायचे. वडील १६७, आई १५३, म्हणून उत्तर १६६.५, त्याच्या आगेमागे साधारण ८ सेंटिमीटर. आनुवंशिकतेने हा एवढा पट्टा मिळतो. त्यात मूल कुठवर पोचेल, यात आहार, झोप आणि लांबलेली आजारपणं यांचा मोठा वाटा असतो. शाळेच्या आरोग्यपत्रिकेत दरवर्षी ५ सेंटिमीटरची वाढ दिसत होती. वेग ठीक होता.

मग वडिलांना विचारलं, “दहावीत प्रार्थनेच्या रांगेत तुम्ही कुठे असायचात?”

“सगळ्यात पुढे.” जरा थांबून म्हणाले, “बारावीत एकदम वाढलो. मिसरूडही उशिराच फुटलं.”

मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. “बाबा, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही!”

उंचीइतकीच वयात येण्याची वेळही वारशाने येते. म्हणून हा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत विचारते; मुलाला सूत्रातल्या आकड्यापेक्षा बापाची ही हकीकत जास्त पटते.

पावडरीने किंवा बारला लटकून हाडं लांब होत नाहीत. दर आठवड्याला मोजूही नका, मोजण्यातली चूकच वाढीपेक्षा मोठी ठरते. दर सहा महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून मोजा. संध्याकाळी उंची सुमारे सेंटिमीटरभर कमी भरते.

वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ, वजनही घटणं, किंवा मुलगा १४ चा, मुलगी १३ ची होऊनही वयात येण्याची लक्षणं नसणं, यांपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. ते थायरॉइड तपासतील, डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय, म्हणजे हाडं कितपत पक्व झाली आहेत ते, पाहतील. वाढीचा वेग नियमित असून हाडांचं वय मागे असेल, तर वाढायला अजून अवधी आहे.