सासूबाईंचं ऑपरेशन पुढे का ढकललं?

प्रश्न : माझ्या सासूबाई 86 वर्षांच्या आहेत, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. ऑपरेशनची तारीखपण मिळाली होती आणि आता सर्जन म्हणतात दोन आठवडे थांबू, आधी खाणं सुधारा. वजन पाच महिन्यांत 51 वरून 44 किलोवर आलंय, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन 2.7 आहे. तोवर गाठ वाढली तर? अल्ब्युमिनची बाटली लावून लगेच नाही का करता येणार? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मला तर सर्जनचं बरोबर वाटतं. घरातले सगळे 86 या आकड्याचा धसका घेतात, मला 51 चे 44 जास्त खटकले. सहा महिन्यांत दहा टक्क्यांच्या वर वजन उतरलं की कुपोषण गंभीर धरतात, यांचं जवळजवळ 14 टक्के गेलंय, आणि नुसती चरबी नाही जात, स्नायू जातात, मग ऑपरेशननंतर खोकून कफ काढायला, उठून चार पावलं टाकायला ताकद कुठून आणणार, न्यूमोनिया होतो, आतड्याचा जोड नीट भरत नाही. अशा पेशंटला 7 ते 14 दिवस नीट खाऊ घालून मगच घ्या, कॅन्सर असला तरी, असं युरोपातल्या न्यूट्रिशन गाइडलाइनमध्येही आहे. दोन आठवड्यांत गाठ सहसा फार काही वाढत नाही. पण पोट फुगलं, उलट्या लागल्या, संडास-गॅस बंद झाला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाटलीने रिपोर्टमधला आकडा थोडे दिवस वर दिसेल, अंगाला काही लागणार नाही. आजारातल्या सुजेनेही अल्ब्युमिन उतरतं, तेव्हा दोन आठवड्यांनी तो तसाच दिसला तरी हिरमुसू नका.

आता खाण्याचं. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन म्हणजे यांना रोज 53 ते 66 ग्रॅम, चहा-बिस्किट आणि तांदळाच्या पेजेत ते कुठून यायचं! अंडं चालत असेल तर एकात 6 ग्रॅम मिळतात. पेजेत मुगाची डाळ घाला, दुधात दूध पावडर कालवा, दर दोन तासांनी अर्धी वाटी द्या, ताट वाढून समोर ठेवलं की बघूनच नको म्हणतात. किडनीचा रिपोर्ट मात्र आधी डाएटिशियनला दाखवा, आणि बरेच दिवस पोटात काहीच नसेल तर एकदम भडिमार नको, हळूहळू वाढवा. एकादशी सध्या राहू दे, विठोबा काही रागवायचा नाही.

आणि एक, कवळी आहे का? वजन उतरलं की ती सैल होते, घासते, आणि म्हातारं माणूस चावता येत नाही असं न सांगता भूक नाही म्हणतं. एकदा काढून हिरड्या बघा.