आजोबांकडे ठेवायला दिलेली ज्यू डॉक्टरांची पेटी: विकायची की परत करायची?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका वाचकाच्या आजोबांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर बर्लिनहून पळून आलेलं एक ज्यू डॉक्टर जोडपं भाड्याने राहायचं. १९४९ साली इंग्लंडला जाताना त्यांनी एक लाकडी पेटी आजोबांकडे ठेवली, पत्ता कळवतो मग पाठवा म्हणाले, दोन-तीन पत्रं आली आणि मग सगळं थांबलं. १९७१ ला आजोबा गेले. आता बंगला रिडेव्हलपमेंटला चाललाय म्हणून पेटी उघडली, तर आत चांदीचे दोन मेणबत्ती स्टँड, हिब्रू अक्षरं कोरलेला चांदीचा पेला, कोपऱ्यात अक्षरं भरलेले टेबलक्लॉथ, चिनीमातीच्या प्लेट्स आणि लाल रंगात ठळक 'जे' (जर्मनमधल्या 'युडे'चं, म्हणजे ज्यूचं, पहिलं अक्षर) मारलेले दोन पासपोर्ट. काका म्हणतायत इतकी वर्षं सांभाळलं, आपलंच झालं, आणि एका अँटिकवाल्याने भावही सांगितलाय. वाचकाचं मन होत नाहीये.

तुमचं मन बरोबर सांगतंय आणि कायदाही तेच सांगतो.

काकांच्या डोक्यात बहुतेक जमिनीचा तो कब्ज्याचा नियम आहे, बारा वर्षं वहिवाट केली की झालं. अहो, पण तिथेसुद्धा कब्जा मालकाच्या विरोधात, उघडपणे असावा लागतो, आणि तुमच्या आजोबांनी ही पेटी मालकाच्या सांगण्यावरून, त्याच्यासाठी म्हणून घेतली. ही ठेव आहे. करार कायदा १८७२ च्या कलम १४८ मध्ये याला बेलमेंट म्हणतात, त्यासाठी कागद लागत नाही, भाडं किंवा मोबदलाही लागत नाही, आणि तुमच्याकडे तर ती पत्रं आहेत ज्यात बाईंनी 'आमची पेटी' असं स्पष्ट लिहिलंय. कलम १६२ प्रमाणे फुकट ठेवलेली ठेव, देणारा किंवा घेणारा वारला की संपते, बरोबर, पण संपतं ते सांभाळायचं नातं, मालकी तिथल्या तिथेच राहते.

मग मुदतीचं काय? लिमिटेशन ॲक्ट १९६३ चा आर्टिकल ७० बघा. ठेवीची वस्तू परत मिळवायला तीन वर्षं आहेत, पण ती मोजायची कुठून, तर मालकाने मागितल्यावर तुम्ही नकार दिला त्या तारखेपासून. इथे अजून कोणी मागितलंच नाही त्यामुळे कोणी नाकारलंही नाही. हुशार वकील असा वाद घालेल की ठेव आजोबांकडे होती, नातवंडांनी ठेव घेतलेलीच नाही, म्हणून हा आर्टिकल लागू नाही. घालू दे. मी तरी त्याच्या भरवशावर माझ्या अशिलाला चांदी विकू देणार नाही. आणि हो, उद्या एखादा वारस सापडला तर काकांना रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर काही लिहू देऊ नका, तुमच्या बाजूने सगळं नीट चाललेलं असताना उगाच लेखी नकार तयार होतो.

विकलं तर? माल विक्री कायद्याचं कलम २७, म्हणजे विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो घेणाऱ्याला मिळत नाही. शिवाय दुसऱ्याची आहे हे माहीत असलेली वस्तू विकून पैसे खिशात घातले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ (अप्रामाणिक अपहार) आणि ३१६ (फौजदारी विश्वासघात) दोन्ही अंगावर येऊ शकतात. वारस सापडला नाही तरी आपोआप तुमची होत नाही, बेवारस मालमत्ता घटनेच्या अनुच्छेद २९६ प्रमाणे राज्य सरकारकडे जाते. हे काकांना शांतपणे सांगा, बहुतेक तेवढ्यात अँटिकवाल्याचा विषय संपेल.

तुम्ही १९९८ च्या वॉशिंग्टन तत्त्वांबद्दल विचारलंय. ती नाझींनी लुटलेल्या कलाकृतींसाठी आहेत आणि मुळात बंधनकारक नाहीत. इथे पुण्यात कोणी काही लुटलं नाही, उलट ही पेटी लुटीतून निसटून आलीय. ती कशी निसटली ते कळलं की पुढची अर्धी कामं सोपी होतात म्हणून थोडं सांगते.

जर्मनीतून निघणाऱ्या ज्यू माणसाला शेवटी शेवटी फक्त १० मार्क रोख नेता यायचे. बाकी जे काय ते घरातलं सामान, आणि त्याचीसुद्धा चादरी-चमच्यांसकट यादी परकीय चलनाच्या ऑफिसला देऊन मंजूर करून घ्यायची. २१ फेब्रुवारी १९३९ ला हुकूम निघाला की सोनं, चांदी, रत्नं सरकारी गहाणखान्यात जमा करा, राहील ती लग्नाची अंगठी, घड्याळ आणि माणशी जेवायच्या चमच्या-काट्यांचे दोन सेट. तुमचे पासपोर्ट जानेवारी १९३९ चे आहेत. म्हणजे हे स्टँड आणि पेला त्या हुकुमाच्या जेमतेम काही आठवडे आधी बाहेर पडले असावेत (किंवा लपवून, पण ते आता कोण सांगणार). पेटीच्या तळाशी, अस्तराखाली, टाइप केलेली यादी आहे का बघा, असली तर ती मालकीचा सगळ्यात भक्कम पुरावा.

आता शोध. तुम्ही लिहिलंय की बाईंचं नाव 'सारा' धरून फेसबुकवर शोधलं आणि काहीच मिळालं नाही. मिळणारच नाही हो! १ जानेवारी १९३९ पासून नाझी कायद्याने बहुतेक सगळ्या ज्यू बायकांच्या नावात 'सारा' आणि पुरुषांच्या नावात 'इस्राएल' सक्तीने घुसडलं होतं. ते वगळा आणि उरलेलं नाव, जन्मतारीख, जन्मगाव एवढं घ्या. जर्मनीत १९५३ पासून नुकसानभरपाईचा कायदा आला, या लोकांनी त्यात अर्ज केले, बर्लिनच्या लोकांच्या फायली बर्लिनच्या भरपाई ऑफिसात आहेत आणि त्यात पुढचे पत्ते, मुलांची नावं मिळू शकतात. इंग्लंडचं नागरिकत्व घेतलं असेल तर लंडन गॅझेटमध्ये (तिथलं सरकारी राजपत्र) नाव आणि पत्ता छापून आला असणार, ते ऑनलाइन फुकट शोधता येतं. जेरुसलेमच्या याद वाशेमकडे मारल्या गेलेल्यांची माहिती नातेवाइकांनी भरून दिलेले फॉर्म आहेत, खाली भरणाऱ्याचं नाव असतं, बाईंचे आईवडील तिकडेच राहिले असतील तर तिथे धागा लागू शकतो. जर्मनीतल्या बाड आरोल्सेनच्या अर्काइव्हलाही (नाझींनी छळलेल्यांच्या नोंदी तिथे आहेत) लिहा. एका पत्रावर पुरंदरचा पत्ता आहे म्हणता, तर युद्धाच्या काळात ब्रिटिशांनी जर्मन पासपोर्टवाल्या बऱ्याच जणांना, ज्यू असले तरी, शत्रूदेशाचे म्हणून स्थानबद्ध केलं होतं आणि पुरंदरला कुटुंबांसाठी छावणी होती, त्याची फाइल दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात निघू शकते. पेल्यावरचं हिब्रू वाचायला कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, विचारा, कधीकधी त्यावर नाव आणि लग्नाचं वर्षच असतं.

वारस सापडला की लगेच कुरियर करू नका, खरा घोळ इथेच होतो. माणूस कुठल्या देशाचा रहिवासी म्हणून वारला तिथला वारसा कायदा त्याच्या जंगम वस्तूंना लागतो, भारतीय उत्तराधिकार कायदा कलम ५, म्हणजे इथे बहुधा इंग्लंडचा. तिथलं प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाने दिलेली मान्यता) मागा किंवा निदान मृत्युपत्र, मृत्यूचे दाखले, आणि सगळ्या वारसांची सही असलेलं पत्र. एकाला दिलं आणि सहा महिन्यांनी दुसरी चुलत बहीण उगवली असं नको, म्हणून इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणी दावा केला तर नुकसान आम्ही भरून देऊ असं लेखी वचन, घ्याच.

दुसरं, बाहेर पाठवणं. पुराणवस्तू कायदा १९७२ मध्ये शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांचा ऐतिहासिक मोलाचा कागद पुराणवस्तू धरतात, वस्तू भारतातच बनलेली असावी अशी अट त्यात नाही, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. चांदीच्या बुडाशी भिंगातून बघा, अर्धचंद्र, मुकुट आणि ८०० असा शिक्का असेल तर माल जर्मन आणि १८८८ नंतरचा, म्हणजे शंभरी ओलांडलेली असू शकते. पासपोर्ट तर पंच्याहत्तरी कधीच पार करून बसलेत. म्हणून आधी पुरातत्त्व खात्याकडे पुराणवस्तू नाही अशा दाखल्यासाठी अर्ज, मग पाठवणी. दाखला नाही मिळाला तर मालकी वारसाची आहे हे लेखी मान्य करा आणि वस्तू त्यांच्या वतीने इथेच राहू दे. मालकी मान्य करायला कस्टम्स लागत नाही. पासपोर्टांचे स्कॅन मात्र पहिल्याच मेलला जोडा, अशा घरांना बरेचदा चांदीपेक्षा आईच्या फोटोचं पान हवं असतं.

या आठवड्यात एवढं करा. बिल्डरला ताबा द्यायच्या आधी दोन बाहेरच्या साक्षीदारांसमोर पेटीची यादी करा, प्रत्येक वस्तूचा फोटो, सगळ्यांच्या सह्या, काकांचीसुद्धा. चांदी घासून चकचकीत करू नका, कोरलेलं झिजतं. मग तुमच्या आणि काकांच्या जॉइंट नावाने, दोघांच्या सहीनेच उघडेल असा बँकेत लॉकर, म्हणजे एकट्याला काही काढता येणार नाही, लॉकरची पावती आणि पत्रव्यवहाराचा खर्च जपून ठेवा कारण ठेव सांभाळायला आलेला वाजवी खर्च कलम १५८ खाली मालकाकडून मागता येतो. काकांना पैशाचंच दुखत असेल तर तेवढं तरी हक्काने सांगता येईल.