मुलगा ‘डॉक्टर व्हायचंय’ म्हणाला, तिथून पुढे

“मॅडम, आम्ही त्याला कशालाच नाही म्हटलं नाही. डॉक्टर व्हायचंय असं तोच म्हणाला होता. आता विषय काढला की ताटावरून उठून जातो.”

मुलांच्या करिअरविषयी भेटायला येणारे बरेच आईवडील थोड्याफार फरकाने हेच सांगतात. हे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आले होते. त्यांचं खते-बियाण्यांचं दुकान आहे आणि आई अंगणवाडी सेविका. मुलगा दहावीत होता. त्याला आपण सुजय म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही बदलले आहेत.

घरात आजीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा सुजय नववीत होता. रुग्णालयातून येताना एकदा तो म्हणाला, “मी डॉक्टर होणार.” आनंदाच्या भरात वडिलांनी महिन्याभरात मेडिकल प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या फाउंडेशनच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून टाकली. पाहुण्यांसमोर ‘आमचे डॉक्टरसाहेब’ अशी ओळख सुरू झाली. दर रविवारच्या टेस्टचे गुण मामा-काकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ लागले. अकरावी-बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरात क्लाससाठी पाठवायचं, हेही मनात ठरलं होतं. यातलं काहीही वाईट हेतूनं झालेलं नव्हतं. आपल्या घरात कुणीतरी पहिल्यांदा डॉक्टर होईल, या कल्पनेनं ते मनापासून हरखले होते.

मी सुजयशी एकट्याशी बोलले. ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मेरिट, कॉलेज यातलं काहीच विचारलं नाही. डायलिसिसच्या खोलीत तू काय काय पाहतोस, एवढंच विचारलं. मुलगा बोलायला लागला तो थांबेना. “आजीच्या हाताला हात लावला की आत मोटर चालू असल्यासारखं थरथरतं. असं का होतं, पप्पांना विचारलं. ते म्हणाले, डॉक्टर झालास की कळेल, आधी पेपर सोडव.” थोडं थांबून म्हणाला, “मला फिजिक्समध्ये कमी पडतात. म्हणजे मी होणारच नाही. पण आता नको म्हणालो तर फी बुडेल ना?”

पंधरा वर्षांचं पोर फीचा हिशेब मनात घेऊन झोपत होतं.

त्याची आवड मेलेली नव्हती. घरात परीक्षेची चौकशी रोज होत होती, पण त्याच्या प्रश्नाची कुणी केली नव्हती. प्रोत्साहन म्हणून आपण क्लास लावतो, टेस्ट सिरीज घेतो. त्याची गरजही लागते, पण नंतर. ज्या कुतूहलातून मूल ‘मला हे करायचंय’ म्हणालं, त्याला आधी खाद्य मिळायला हवं. त्याला पैसे लागत नाहीत. मुलाबरोबर बसून ‘चल, विचारूया कुणाला तरी’ म्हणावं लागतं.

म्हणून मी आईवडिलांना सांगितलं, पुढचा महिनाभर ‘डॉक्टरसाहेब’ बंद, ग्रुपवर गुण टाकणं बंद आणि आजीबरोबर रुग्णालयात जाताना कधीतरी सुजयला घेऊन जा. तिथल्या तंत्रज्ञाला त्यानं स्वतः विचारू दे. आईनं ते मनावर घेतलं. तंत्रज्ञ भला माणूस होता. त्यानं समजावलं की हातातली धमनी आणि शीर छोट्या शस्त्रक्रियेनं जोडलेली असते. धमनीतलं रक्त जोरात शिरेत येतं, त्यामुळे ती फुगते, जाड होते आणि दोन जाड सुया घेऊ शकते. थरथर त्या वाहत्या रक्ताची. म्हणूनच त्या हातावर रक्तदाब मोजत नाहीत, तपासणीसाठी रक्तही काढत नाहीत. मशीनमधून रक्त स्वच्छ करणारा द्रव मिनिटाला साधारण ५०० मिली जातो, हे ऐकून सुजयनं तिथंच गुणाकार केला: चार तासांत १२० लिटर. घरी येऊन त्यानं दाबाचा धडा आपणहून उघडला, असं आई सांगत होती. ज्या फिजिक्सला तो घाबरत होता, तेच आजीच्या हातात वाहत होतं.

वडिलांशी मात्र आकड्यांत बोलावं लागलं. २०२५मध्ये २२ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातल्याही बऱ्याच खासगी कॉलेजांत, जिथली फी दुकानाच्या उत्पन्नातून झेपणारी नाही. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, पुढे एमडी-एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं. मुलाला परावृत्त करायला हे सांगायचं नसतं. घरातल्या मोठ्यांनी आधी पचवायचं असतं, म्हणजे पहिल्या प्रयत्नात गुण कमी पडले तर घर कोसळत नाही.

कोटा शहरात पाठवायचा विचार मी स्पष्टपणे थांबवायला सांगितला. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्यातून भरतात आणि त्यासाठी, काही अपवाद सोडले तर, अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. बारावी राजस्थानातून केली की हा दरवाजा मुलासाठी बंद होऊ शकतो. ही गोष्ट कितीतरी पालकांना प्रवेशाचा फॉर्म भरताना कळते, तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं. राज्यातले हे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका दहावीतच एकदा वाचा.

आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. वैद्यकीय क्षेत्र म्हणजे फक्त एमबीबीएस नाही. फिजिओथेरपी, नर्सिंग, प्रयोगशाळा, ऑप्टोमेट्री म्हणजे डोळ्यांची तपासणी, डायलिसिस तंत्रज्ञान ही सगळी रुग्णाच्या अगदी जवळची कामं आहेत. पण ती ‘नाही जमलं तर’ म्हणून सांगू नका. तसं सांगितलं की मूल त्यांच्याकडे हरल्याची जागा म्हणून पाहतं. सुजयनं तंत्रज्ञाचं काम आधी पाहिलं, आदरानं पाहिलं, म्हणून त्याच्या मनात ही उतरंड तयार झाली नाही.

आणि मूल झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, ‘मी नसलो तर बरं’ अशा धर्तीचं काही बोलत असेल, तर करिअरची चर्चा तिथंच बाजूला ठेवा आणि लगेच मदत घ्या. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

सुजय आता गावातल्याच कॉलेजात अकरावीला आहे. जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवलंय, कारण हल्ली त्याला डायलिसिसचं मशीन कसं बनवतात याचीही उत्सुकता आहे. क्लास त्यानं बदलला, सोडला नाही. वडिलांना रविवारी गुण विचारल्याशिवाय अजूनही राहवत नाही, पण ग्रुपवर जात नाहीत. गेल्या भेटीत त्यांनी जरा अवघडून विचारलं, “मग मॅडम, पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?”

“अकरावी सायन्सला आहे म्हणून सांगा,” मी म्हटलं. “पुढचं त्याला विचारू द्या त्यांना.”