वाचकांचे प्रश्न : रोड ई-बाईकची मोटर कोणत्या लेव्हलला चालवावी?

या वेळच्या टपालात रोड ई-बाईकबद्दलचे प्रश्न बरेच होते आणि जवळपास सगळ्यांचा रोख असिस्ट लेव्हलवर, म्हणजे मोटरने किती मदत करायची त्या पायरीवर होता. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. आकडेमोडीसाठी सगळीकडे स्वार आणि बाईक मिळून ८५ किलो वजन धरलं आहे. तुमचं वजन वेगळं असेल तर त्या प्रमाणात आकडे कमीजास्त करून घ्या.

प्रश्न : माझ्या बाईकला तीन लेव्हल आहेत. सपाट रस्त्यावर पहिल्या लेव्हलला २६-२७ चा वेग मिळतो, तिसरी लावली तरी तेवढाच. मोटर बिघडली आहे का?

मोटर ठणठणीत आहे. लेव्हल वाढवली की वेग वाढणार, ही अपेक्षा स्कूटरच्या अ‍ॅक्सिलरेटरमुळे झालेली असते. पेडल-असिस्टमध्ये लेव्हल वेग ठरवत नाही. तुम्ही पेडलवर जेवढी ताकद लावता, तिच्या किती पट मोटरने द्यायची आणि जास्तीत जास्त किती द्यायची, एवढंच ती ठरवते. आणि वेगमर्यादा ओलांडली की मोटर काहीच देत नाही. युरोपात ही मर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे, अमेरिकेत क्लास १ च्या (फक्त पेडल मारल्यावर मोटर चालणाऱ्या) बाईकला ३२. तुमची बाईक २५ ची असेल, तर २६-२७ ला तुम्ही पूर्णपणे स्वतःच्या पायांवर चालला आहात. मग लेव्हल एक असो की तीन, फरक पडायचं कारणच नाही.

हा वेग मोटरशिवाय सहज निघतो, म्हणूनच फसायला होतं. रोड बाईकवर खाली वाकून बसलं आणि वारा नसला, तर सपाट रस्त्यावर २५ ला साधारण १०० वॉट लागतात, ३० ला १६० च्या आसपास. रोज चालवणाऱ्याला हे जमतं. रोड ई-बाईकची मोटर खरी उपयोगी पडते ती चढावर, समोरच्या वाऱ्यात आणि सिग्नलवरून निघताना.

या मर्यादेपाशी आणखी एक त्रास असतो. मोटर एकदम बंद होत नाही, वेग मर्यादेजवळ गेला की मदत कमी कमी होत जाते. त्यामुळे २४ ते २६ च्या दरम्यान रेंगाळलं की मोटर सारखी आत-बाहेर करते आणि पायाला हिसके जाणवतात. सपाटीवर एक तर २३ ला निवांत चालवा, नाहीतर सरळ २७-२८ धरा. मधल्या पट्ट्यात चालवण्यात मजा नाही.

प्रश्न : अ‍ॅपमध्ये प्रत्येक लेव्हलसाठी दोन पट्ट्या दिसतात. एक 'सपोर्ट', दुसरी 'पीक पॉवर'. दोन्ही टक्क्यांत आहेत. कोणती किती ठेवायची?

पहिली पट्टी गुणोत्तराची, दुसरी छताची. उदाहरणासाठी एक लेव्हल अशी धरा : मोटरने तुमच्याइतकीच ताकद द्यायची, पण १२० वॉटच्या वर जायचं नाही. तुम्ही ८० वॉट लावले, मोटर ८० देईल. तुम्ही १२० लावले, ती १२० देईल. तुम्ही दात-ओठ खाऊन २०० लावले तरी ती १२० वरच थांबेल. 'जोर लावला तरी मोटर साथ देत नाही' अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा हे छत लागलेलं असतं. उलट छत उंच आणि गुणोत्तर कमी असेल तर मोटर शेवटपर्यंत तुमच्या पायाप्रमाणे वागते, पण जोर तुम्हालाच करावा लागतो.

टक्के मात्र सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. काही ठिकाणी १०० टक्के म्हणजे तुमच्याइतकीच ताकद, तर काही ठिकाणी १०० टक्के म्हणजे त्या मोटरला जमेल तेवढी सगळी मदत. बॉश कंपनीच्या जुन्या परफॉर्मन्स लाईन सीएक्स मोटरवर टर्बो मोडचा, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलचा, आकडा ३४० टक्के होता आणि तो तुमच्या ताकदीच्या तुलनेत होता. त्यामुळे मित्राच्या बाईकचे आकडे आपल्या अ‍ॅपमध्ये उतरवून काही हाती लागत नाही.

कमाल २४० वॉटच्या आसपासची हलकी मोटर असेल तर आमचा सल्ला असा. पहिल्या लेव्हलला तुमच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी मदत, छत ८०-९० वॉट. दुसरीला दोन तृतीयांश, छत १५० च्या आसपास. तिसरी पूर्ण मोकळी सोडा. तीन लेव्हलमध्ये पायाला कळेल इतकं अंतर हवं. पहिली आणि दुसरी जवळजवळ ठेवल्या तर बटण दाबूनही काही बदललं असं वाटत नाही, मग माणूस थेट तिसरीवर जातो आणि बॅटरी संपवतो. आकडे लावले की रोजच्याच एखाद्या चढावर तीनदा जा, प्रत्येक वेळी एक लेव्हल, वेग सारखा. फक्त श्वासाकडे लक्ष द्या. पहिलीत बोलताना धाप लागते आणि दुसरीत सलग वाक्य बोलता येतं, तर मांडणी बरोबर बसली.

प्रश्न : मोटर क्रँकपाशी (पेडल जोडलेल्या मधल्या दांड्यापाशी) आहे. तीव्र चढावर सगळ्यात वरच्या लेव्हललाही ती ढेपाळते. मी मोठा गिअर लावून पूर्ण जोर देतो, तरी फरक नाही.

मोठा गिअर हेच कारण आहे. मोटरची ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. क्रँकपाशी ५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि कमाल ३०० वॉट देणारी मोटर घ्या. पेडल मिनिटाला ४० फेरे फिरत असेल, तर ती मोटर जास्तीत जास्त २१० वॉटच देऊ शकते, कारण टॉर्क आधीच पूर्ण लागलेला असतो. तेच ६० फेरे झाले की ३०० वॉट मिळतात. म्हणजे जड गिअरवर कण्हत चढताना तुम्ही मोटरचा जवळजवळ तिसरा हिस्सा स्वतःच बंद करून टाकता, गुडघ्यांचं होतं ते वेगळंच.

चढ सुरू होण्याच्या आधी हलका गिअर घ्या आणि फेरे ७० ते ८० ठेवा. पुढची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) ३४ दातांची आणि मागचं सगळ्यात मोठं चक्रही ३४ चं असेल, तर ६० फेऱ्यांना वेग ताशी साधारण पावणेआठ किलोमीटर पडतो. तेवढ्यावरही पाय भरत असतील तर मागे मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवणं हा खरा उपाय, जास्त ताकदीची मोटर नव्हे. अर्थात डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढं मोठं चक्र पेलतो का, ते आधी बघा.

मागच्या चाकात हब मोटर असणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे गिअर बदलून मोटरचा वेग बदलत नाही, मोटर चाकाच्याच वेगाने बांधलेली असते. ताशी २५ ला चाक मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं, ताशी ८ ला जेमतेम ६३. इतक्या कमी फेऱ्यांना हब मोटर वीज घेते, पण तिचा मोठा भाग वेटोळ्यांत उष्णता होऊन जातो. ठरावीक तापमानाच्या वर गेली की यंत्रणा आपणहून मदत कमी करते. लांब, तीव्र चढावर तिसरी लेव्हल धरून ८ ने रखडत जाण्यापेक्षा दुसरीवर थोडा स्वतःचा जोर लावून १०-११ ने गेलात तर मोटर थंड राहते आणि मदत शेवटपर्यंत टिकते. एकदा तापलीच, तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाणी ओतू नका.

प्रश्न : ६० किलोमीटरचा रस्ता आहे, एकूण चढाई ९०० मीटर. बॅटरी २५० वॉट-अवरची. पुरेल का?

किलोमीटर बाजूला ठेवा, चढाईचे मीटर मोजा. ८५ किलो वजन १०० मीटर उंच न्यायला निव्वळ २३ वॉट-अवर लागतात. मध्यम चढावर टायरचं घर्षण आणि हवा धरून ते २८ च्या जवळ जातं. मोटरने त्यातलं निम्मं द्यायचं म्हटलं, आणि बॅटरीतून घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८० टक्के चाकापर्यंत पोचते असं धरलं, तर दर १०० मीटर चढाईला साडेसतरा वॉट-अवर खर्च होतात. ९०० मीटरला झाले १५७. म्हणजे पुरेल, आणि नव्वदेक उरतील.

निम्मं म्हणजे मोटर तुमच्याइतकीच ताकद देते अशी लेव्हल. तीच मदत तुमच्या ताकदीच्या एक तृतीयांश केली, तर मोटरचा वाटा एकूण ताकदीच्या पाव भागावर येतो आणि ९०० मीटरला ८० च्या घरात वॉट-अवर लागतात. पहिली आणि तिसरी लेव्हल यांच्यातला फरक म्हणूनच चढावर दुप्पट-तिप्पट दिसतो, आणि सपाटीवर २५ च्या वर गेल्यावर शून्य.

हिशेब पुस्तकी असला तरी रस्ता तसा नसतो. समोरचा वारा, वारंवार थांबून निघणं, कमी दाबाचे टायर हे सगळं या आकड्यांत धरलेलं नाही. थंडीत बॅटरी नेहमीपेक्षा कमी देते. शेवटच्या १०-१५ टक्क्यांत बऱ्याच यंत्रणा मदत आवळतात, म्हणून तेवढं हाताशी राखूनच बेत करा. चढ रस्त्याच्या शेवटी असेल तर सुरुवातीला मोटर बंद ठेवण्यातही कमीपणा नाही. आजच्या हलक्या मोटरींमध्ये क्लच असतो, बंद मोटर फारशी ओढत नाही. वाहून न्यायचं असतं ते फक्त वजन. फारच लांबचा पल्ला असेल तर बाटलीच्या स्टँडमध्ये बसणाऱ्या जोडबॅटऱ्या मिळतात. टीक्यू आणि स्पेशलाइज्ड या कंपन्यांच्या १६० वॉट-अवरच्या आहेत. पण त्या त्यांच्याच मोटरीला चालतात, हवी तिथे जोडता येत नाहीत.

प्रश्न : फ्रेमवर एकच बटण आहे. चढावर ते मध्येच लाल झालं. बॅटरी संपली म्हणून घाबरून परत फिरलो, घरी बघतो तर ६० टक्के शिल्लक!

एका बटणाच्या बाईकवर रंगाला दोन कामं असतात. बटण दाबल्यावर काही सेकंद दिसतो तो लेव्हलचा रंग, एरवी दिसतो तो बॅटरीचा. बऱ्याच बाईकवर वरच्या लेव्हललाही लालच रंग असतो. हाताने चुकून बटण दाबलं गेलं असणार. पाच-सहा सेकंद थांबून पुन्हा बघायचं. सायकल कॉम्प्युटर जोडलेला असेल तर बॅटरीचे टक्के त्यावरच लावून घ्या, भर उन्हात बटणाचा रंग ओळखणं नाहीतरी अवघडच.

प्रश्न : काही दिवस मदत नेहमीसारखी मिळते, काही दिवस तीच लेव्हल अगदी मऊ वाटते. दुकानात तपासलं तर काही सापडत नाही.

बाईक चालू करताना तुमचा पाय कुठे असतो, ते आधी आठवा. टॉर्क सेन्सर असलेल्या बऱ्याच यंत्रणा चालू होताना पेडलवरचा भार मोजतात आणि त्यालाच शून्य समजतात. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर टेकवून बटण दाबलं, की पेडलवरचा तो भार शून्यात जमा होतो. मग दिवसभर तुमचा खरा जोर सेन्सरला कमी दिसतो आणि मोटरही त्याच प्रमाणात कमी देते. दुकानात कारागीर बाईक स्टँडवर लावून चालू करतो, पेडल मोकळं असतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. उतरा, दोन्ही पेडल मोकळी ठेवा, बंद करून पुन्हा चालू करा आणि दोन-तीन सेकंद थांबून मगच पाय ठेवा.

तरी फरक पडला नाही तर मागच्या चाकाजवळचा स्पीड सेन्सर बघा. आरीवर किंवा डिस्क रोटरवर बसवलेलं चुंबक सरकलेलं असतं, चाक काढून बसवताना तर हमखास. चुंबक सेन्सरच्या खुणेसमोरून जायला हवं, आणि मधलं अंतर कंपनीने दिलेल्या मापात हवं. चाकाचा वेग चुकीचा वाचला गेला तर मोटर मध्येच सोडून देते. हब मोटरमध्ये चाकाजवळची तारेची जोडणी पूर्ण आत बसली आहे का आणि तिच्यावरचे बाण एका रेषेत आहेत का, तेही बघा. पंक्चर काढल्यावर ही जोडणी अर्धवट राहिलेली असते.

टायर बदलले असतील तर अ‍ॅपमध्ये चाकाचा घेरही बदला. ७००×२८ ला तो साधारण २१३६ मिलिमीटर, ७००×३२ ला २१५५. फरक एक टक्क्याचा आहे, मदत मऊ वाटण्याचं कारण तो नव्हे, पण दाखवलेला वेग आणि अंतर बरोबर राहतं. घेर मुद्दाम कमी टाकून मर्यादा वर ढकलायची युक्ती काहींनी विचारली आहे. ती करू नका. वॉरंटी तर जातेच, शिवाय बाईक कायद्याने सायकल उरत नाही.

प्रश्न : वरच्या लेव्हलला गिअर बदलताना मागून 'खाड' असा आवाज येतो. गिअर पुन्हा लावून घेतले, आवाज तसाच.

गिअर नीट लागलेले असणार. आवाज येतो तो चेनवर तुमचा आणि मोटरचा मिळून भार असताना ती एका चक्रावरून दुसऱ्यावर ओढली जाते म्हणून. क्रँकजवळच्या मोटरीत हा भार साध्या सायकलच्या दुप्पट असू शकतो. शिफ्टर दाबताना पेडल फिरवत राहा, पण अर्धा फेरा पायातला जोर काढून घ्या. टॉर्क सेन्सरला ते लगेच कळतं आणि मोटरही तेवढ्यापुरती सोडते. एका वेळी एकच गिअर बदला. चेनची झीज गेजने तपासा. ११ आणि १२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के झीज दिसली की ती बदला, नाहीतर तिच्यासोबत कॅसेटही जाते.