नेमाने चर्चला जाणारी माणसं व्यवहारात अशी का वागतात? ख्रिस्ती श्रद्धा मनापासून जगणारं कुणी असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचे घरमालक दर रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर बसतात, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर बायबलचं वचन पाठवतात, आणि तुम्ही घर सोडल्यावर भिंतीचा रंग नि नळाची तोटी यांचं निमित्त काढून त्यांनी सगळं डिपॉझिट गिळलं. ही कसली श्रद्धा, आणि ती खरी जगणारं कुणी असतं तरी का?

असतं. पण आधी घरमालकांचं बघू, कारण तुमचे पैसे अडकलेत. त्यांच्याशी वाद घालायला बाहेरचा मुद्दा शोधायची गरज नाही. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, जक्कय नावाचा जकातदार आहे, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो. तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. मग येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं. जक्कयने एखादी प्रार्थना म्हटल्याचं लूक लिहीत नाही, हिशेब चुकता केल्याचं लिहितो. तक्रार कशी करायची तेही मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे: आधी त्याला एकट्याला गाठून सांगा, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घ्या, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे त्याच्या चर्चच्या लोकांना, सांगा. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी त्यांच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) खुशाल फोन करा. शिवाय वकिलाची नोटीसही पाठवा. माणूस धार्मिक आहे म्हणून भीड ठेवायचं कारण नाही.

आता मोठा प्रश्न. मी नगर जिल्ह्यातल्या एका पाळकाची मुलगी. बदली झाली की पाळकाचं बिऱ्हाड हलतं, त्यामुळे लहानपणीच बऱ्याच मंडळ्या आतून बघितल्या. पाळकाच्या घरी रविवारी कोण काय बोलतो आणि सोमवारी तोच माणूस काय मागायला येतो, हे पोरांना कळतं. त्यावरून माझं मत असं झालंय की आपण ढोंग पकडतो ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

येशूने ढोंग्यांवर जेवढा जाळ काढला तेवढा दुसऱ्या कुणावर नाही, आणि तो चोर-दरोडेखोरांवर नव्हता, धर्म काटेकोर पाळणाऱ्या शास्त्री-परूश्यांवर होता. मत्तय तेवीस वाचा. तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशांश मोजून देता, म्हणतो, आणि न्याय, दया, विश्वास या नियमशास्त्रातल्या मुख्य गोष्टी सोडून देता. डास गाळून काढता नि उंट गिळता. परूशी खोटारडे होते असं त्याचं म्हणणं नाही. जिऱ्याचा दहावा हिस्सा ते खरोखर देत होते, म्हणून तर त्यांना आपण चांगले आहोत असं मनापासून वाटायचं.

आमच्या मंडळ्यांत पुदिना-जिरं कशाला म्हणायचं? दारू, तंबाखू, शेजाऱ्यांकडचा गणपतीचा प्रसाद, लग्नातलं बँड-बाजाचं नाचणं. यावर प्रवचनं होतात, कुजबुज होते, एखाद्या गरिबाचं प्रभुभोजनसुद्धा (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) बंद होतं. आणि उंट? मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीत वाटले जाणारे पैसे. वर्षानुवर्षं कोर्टात पडून असलेले मंडळीच्या जमिनींचे दावे, ज्यांत दोन्ही बाजू प्रार्थना करूनच वकिलाकडे जातात. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार दोन दिवसांच्या खाड्यासाठी कापणं. आणि सगळ्यात मोठा उंट, जात.

बाहेरच्यांना हे ऐकून नवल वाटतं. गोव्यात बामण आणि चारडो या ख्रिस्ती जातींमधला भेद धर्मांतराला साडेचारशेहून जास्त वर्षं होऊन गेली तरी सोयरीक जुळवताना निघतो. आमच्याकडे नगर-जालना पट्ट्यात बहुसंख्य ख्रिस्ती घरं पूर्वीच्या महार-मांग समाजातली. तिथे लग्नाच्या वेळी ‘मूळचे कोण’ हे विचारलं जातं, फक्त जरा आवाज उतरवून. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न याच कारणाने मोडलं. दोन्ही घरं एकाच मंडळीत, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी. मुलाच्या वडिलांनी कारण दिलं, प्रार्थनेत शांती मिळाली नाही. देवावर ढकललं की पुढे बोलणंच खुंटतं. मी त्या दिवसापासून ‘शांती मिळाली नाही’ हे वाक्य कुणी उच्चारलं की कान टवकारते.

उपासनेने माणूस आपोआप सुधारत नाही, उलट कधी अधिक निगरगट्ट होतो, याची माझ्या माहितीतली सगळ्यात भेदक साक्ष फ्रेडरिक डग्लसची आहे. अमेरिकेत मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या या माणसाचं आत्मचरित्र १८४५ साली छापलं गेलं. त्याचा मालक १८३२ साली मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका सभेत ‘पालटला’. डग्लसला आशा वाटली, आता हा गुलामांना मोकळं करेल, निदान माणसासारखं वागवेल. झालं उलटंच. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली, आणि एका पांगळ्या गुलाम मुलीला उघड्या पाठीवर चाबूक मारताना तो वचन म्हणायला लागला. आधी क्रूरपणा नुसता क्रूरपणा होता, आता त्याला शास्त्राधार मिळाला. तरी डग्लसने विश्वास टाकला नाही. पुस्तकाच्या शेवटी त्याने मुद्दाम लिहिलं की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत त्याला कमालीचं अंतर दिसतं, आणि दुसऱ्यावर प्रेम आहे म्हणूनच पहिल्याचा तिटकारा आहे.

मग खरं जगणारे कसे ओळखायचे? माझी कसोटी साधी आहे: विश्वासापायी त्या माणसाच्या ताटात, पगारात किंवा नात्यात काही बदललं का? आपल्या मराठीत याची चांगली उदाहरणं आहेत, आणि ती अजिबात गुळगुळीत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांचं घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात ताटातूट झाली, आणि पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या तेव्हाही सोवळंओवळं चालूच होतं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे स्वतःचीच थट्टा करत सांगितलंय. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो क्रम. शिवाशिव त्यांनी आधी सोडली, कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं, आणि बाप्तिस्मा नंतर घेतला. आमच्यातल्या कितीतरी घराण्यांनी बाप्तिस्मा पिढ्यांपूर्वी घेतला आणि दुसरी गोष्ट अजून करायचीच आहे.

टिळकांनी स्वतः १९१७ साली मिशनचं पगारी काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांत ते वारले आणि दरबार फारसा वाढला नाही. पण परदेशी पगारावर राहून आपल्या लोकांना ख्रिस्त सांगणं त्यांना खुपत होतं, आणि जे खुपलं ते त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर बदललं. साठीच्या उंबरठ्यावर आपण पेन्शनची कागदपत्रं जुळवत असतो, मीही तेच करतेय.

पंडिता रमाबाईंवर तर ढोंगाचा आरोप दोन्हीकडून झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण न पटणारी मतं केवळ चर्च सांगतं म्हणून मान्य करायला नकार दिला, त्यामुळे तिथल्या धर्मभगिनींना त्या हट्टी आणि अहंकारी वाटल्या. इकडे पुण्यात त्यांनी विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ उठला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. लपवाछपवी केली, हा रोख. रमाबाईंचं उत्तर असं होतं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते आणि दार उघडं असतं, यायची सक्ती नाही, बंदीही नाही. पालकांची धास्ती मला समजते, वाद एकतर्फी नव्हता. पण त्या बाईंची खरी परीक्षा मला १८९७ मध्ये दिसते. प्लेगच्या वेळी पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची काय गत होते, हे त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघडं पाडलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, मदतीचे पैसे परदेशातून येणारे, आणि नेमक्या त्याच वर्षी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली पदरात. गप्प बसायला याहून चांगली कारणं सापडणं कठीण होतं.

एक गोष्ट मात्र उलट बाजूने सांगायला हवी, कारण ‘ख्रिस्ती ढोंगी असतात’ म्हणताना हमखास हीच फेकली जाते: चर्चला जातात आणि कागदावर हिंदू राहतात. हो, राहतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. गावाने बाप्तिस्म्यानंतर त्यांची जात विसरायला नकार दिला, चर्चमधल्या सोयरिकींनीही दिला, फक्त कायदा म्हणतो की तुम्हाला आता जात नाही. अशा वेळी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बाप काय लिहितो, यावर मी त्याला घरमालकांच्या रांगेत बसवणार नाही. खोटं ते खोटं, असं म्हणणारे पाळक मला माहीत आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असंही नाही. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी रोमच्या कैसराला धूप घालण्याऐवजी मरण पत्करलं, हा दाखला ते देतात. दाखला बरोबर आहे, पण देणाऱ्याची स्वतःची नोकरी पणाला लागलेली नसते.

माझा एक मावसभाऊ असाच, दाखल्यावर एक नाव आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये दुसरं. एकदा व्यासपीठावरून नाव न घेता त्याला चांगलं झोडपलं गेलं, सगळ्यांना कळलं कोणाबद्दल आहे ते. त्याच्या सरकारी पगाराचा दशांश मात्र दर महिन्याला जमा होतो, आणि त्याची पावती मंडळी ख्रिस्ती नावाने फाडते.