आधी कोरालचे शब्द वाच

बाखचं 'ओ मेन्श, बेवाइन' ऑर्गनवर बसवायला घेतलंयस ना, मग आधी त्या कोरालचे, म्हणजे ज्या चर्चगीतावर ते बेतलंय त्याचे, शब्द वाच. जर्मन येत नसेल तर अर्थ तरी समजून घे. ही रचना 'ऑर्गेलब्यूखलाइन' या बाखच्या ऑर्गन-रचनांच्या संग्रहातली. 164 कोराल घ्यायचा बेत होता, झाले 46. त्याच संग्रहातल्या 'डुर्ख आदाम्स फाल' ('आदमच्या पतनामुळे') या रचनेत पेडलवर, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर, सूर मोठमोठ्या उड्या घेत खाली कोसळतात. ते आदमचं पतन. हे माहीत नसेल तर तो नुसता पायांचा व्यायाम होतो.

पट्टी जोरात दाबून ऑर्गनचा आवाज वाढत नाही. सगळा भाव सूर कधी सोडतोस त्यात आहे. महत्त्वाच्या सुराआधी किंचित जागा ठेव, तो आपोआप उठून येतो. उजव्या हाताची चाल अलंकारांनी भरलेली आहे, म्हणून आधी साधी मूळ चाल गाऊन बघ. खरंच गा, आवाज कसाही असो. श्वास कुठे घ्यावा लागतो ते कळलं की अलंकार घाईत आटपावेसे वाटत नाहीत.

शेवटच्या ओळीत येशू क्रुसावर दीर्घ काळ असल्याचं येतं. शेवटी बाखने स्वतः 'आदाजिस्सिमो', म्हणजे अतिशय संथ, असं लिहिलंय, आणि तिथेच सी फ्लॅट मेजरचा अनपेक्षित कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतो. आधीच जागोजागी रेंगाळून ठेवलं असेल तर इथे करायला काही उरत नाही. माझ्या मते बहुतेकांचं इथेच बिघडतं.

आणि दगडी चर्चमध्ये वाजवायचं असेल तर सुरांमधली जागा घरच्यापेक्षा जास्त ठेव. घुमणारा आवाज ती भरून काढतो.