किटातून चिखलाची पँट येते, अक्षरं कधी येणार?

प्रश्न: मुलगी साडेतीन वर्षांची, जर्मनीत किटाला (तिथल्या बालवाडी-पाळणाघराला) जाते. रोज रबरी पँट चिखलाने माखून घरी. ना ए-बी-सी, ना अंक. पुण्यातली आतेबहीण ज्युनिअर केजीत पन्नासपर्यंत लिहिते. घरी रोज अर्धा तास लिहून घ्यावं का?

उत्तर: नको. अजून नको, आणि त्या पद्धतीने तर मुळीच नको.

केजीतला 'के' मुळात जर्मनच आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये किंडरगार्टन हा शब्द दिला, तेव्हा मुलांना अक्षरं गिरवायला लावायचं नव्हतं. त्यांच्या हातात लोकरीचे चेंडू होते, लाकडी ठोकळे होते. जर्मन किटा आजही त्याच वाटेवर आहे. लिहिणं-वाचणं साधारण सहाव्या वर्षी शाळेत सुरू होतं. ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं ते वस्तीतल्या मुलांच्या अंगणात, हाताशी मिळेल त्या वस्तू घेऊन. आपला 'अंगणवाडी' शब्द त्याच कामातून आला.

साडेतीन वर्षांच्या वयात पेन्सिल धरायला लागणारी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही तिकडी पुरती तयार नसते. ती वाटाणे सोलताना तयार होते, गिरवताना नाही. तेव्हा तो अर्धा तास स्वयंपाकघरात घालवा.

सुरुवात ओतण्यापासून करा. कानाचे दोन छोटे जग, प्रत्येकी दीडशे मिलीचे, खाली कडा असलेलं ताट. एका जगात निम्म्यापर्यंत काबुली चणे. पहिल्या काही खेपांना चणेच, मग तांदूळ, मग पाणी. हा क्रम उलटा केला की फसतं, कारण पाणी एकदम येतं आणि सांडलं तरी आवाज करत नाही. चणा ताटात पडला की टण् वाजतो. चूक तिची तिलाच कळते, तुम्ही बोलायची गरज उरत नाही. पाण्यावर आलात की शंभर मिलीच द्या, चिमूटभर हळद घालून, म्हणजे पातळी दिसते. शेजारी तळहाताएवढा कापलेला स्पंज ठेवा. सांडलेलं पुसणं ही शिक्षा नव्हे, कामाचा दुसरा भाग आहे. बऱ्याच मुलांना तोच जास्त आवडतो. चणे घशात अडकू शकतात, म्हणून घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर हे काम ते झोपल्यावरच, आणि मोठीजवळही कुणीतरी बसलेलं हवं. राजमा तर घेऊच नका. कच्चा पोटात गेला तर उलट्या होतात.

मग कणीक. तिच्या वाटणीची ६० ग्रॅम कणीक, ४० मिली पाणी वेगळ्या पेल्यात, पाव चमचा तेल. पाणी तिनेच चमच्याने घालायचं. ती ते एकदम ओतेल, गोळा हाताला चिकटेल, आणि तुमचा हात पुढे जाईल. तो मागे घ्या. कणकेची छोटी वाटी आधीच शेजारी ठेवलेली असली की 'आता काय करू या?' एवढं विचारणं पुरतं. इंडियन दुकानातला आटा नसेल आणि जर्मन फोलकोर्नमेल (कोंड्यासकट दळलेलं पीठ) वापरत असाल तर ५ मिली पाणी जास्त घाला आणि गोळा अर्धा तास झाकून ठेवा. त्यातला भरड कोंडा पाणी सावकाश शोषतो, घाई केली तर लाटताना पोळी फाटते आणि मूल वैतागतं. कच्ची कणीक तोंडात घालू देऊ नका, नंतर हात धुवा.

ओटा नव्वद सेंटिमीटर उंच, ती जेमतेम मीटरभर. त्यासाठी मुलांना ओट्यापाशी उभं करायचा महागडा लाकडी मनोरा घ्यायची गरज नाही. जमिनीवर जुनी चादर, त्यावर परात आणि पोळपाट. आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच तर मळलं जायचं.

काम तिच्या मनाप्रमाणे होऊ द्या, पण म्हणजे वाट्टेल ते, असं नाही. दोन कामं मांडा, निवड तिची. चार ठेवलीत तर ती चारही उधळेल. एकदा सावकाश, न बोलता करून दाखवा. तोंड चालू असलं की तिचं लक्ष हातावरून तोंडावर जातं. ती रमली की गप्प राहा, दर मिनिटाला 'शाब्बास' म्हटलं तरी तंद्री मोडते. वीस वेळा तेच ओतत असेल तर ओतू दे. आणि हे रोज नको, शनिवारी सकाळी करा. संध्याकाळी साडेसहाला, किटातून दमून भुकेजून आलेल्या मुलाकडून काहीही होत नाही.

मराठी यातूनच येते. जर्मनमध्ये 'श्नायडेन' (कापणं) या एका शब्दावर बरंच भागतं. आपण भाजी चिरतो, मेथी खुडतो, शेंगा मोडतो. ही क्रियापदं पुस्तकातल्या चित्रावरून समजत नाहीत, हातात मेथीची काडी असावी लागते. काम झालं की आवरताना बोला: 'चाळून झालं? आता मळू या का?' ती जर्मनमध्ये उत्तर देईल. दुरुस्त करू नका, तुम्ही मराठीतच पुढे बोला.

अंक ताटं मांडताना येतात: चार माणसं, चार वाट्या, एक कमी पडली. अक्षरं तिने 'हे काय?' विचारल्यावर. तेव्हा गडद रंगाच्या ताटात रव्याचा तीन-चार मिलिमीटर थर पसरा आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर बोटाने काढा. आपली जुनी धूळपाटीच ही. जाड थर दिलात तर रेघ बुजते. देवनागरीची एक सोय इथे कामी येते: जर्मन 'B' अक्षराचं नाव 'बे', पण शब्दात त्याचा उच्चार 'ब्' होतो; आपल्या 'क'चं नाव 'क'च.

किटात 'काय शिकवलंत?' विचारू नका, 'आज कशात जास्त वेळ रमली?' विचारा. तिथली पोर्टफोलिओची, म्हणजे तिच्या कामांची फाइल बघायला मागा. ऐकण्या-बोलण्याबद्दल किंवा हाताच्या हालचालींबद्दल खरंच शंका असेल, तर ४६व्या ते ४८व्या महिन्यात होणाऱ्या यू-८ या मुलांच्या नेमाच्या तपासणीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांशी बोला.

राहता राहिली आजी. व्हिडिओ कॉलवर 'ए-बी-सी म्हणून दाखव' सुरू व्हायच्या आत फोन टेकवून ठेवा, कॅमेरा मुलीच्या हातांवर, आणि पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा. आजी आपणहूनच विचारेल, 'काय गं, किती दाणे निघाले?'